गणपतच्या पायातली शीर

गणपत गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. त्याच्या मुलीचा फोन आला होता... त्याला आज सहा आठवडे झाले.

मुलुंडच्या कारखान्यात आम्ही दोघांनी वीस वर्षं पाइप फिटिंग केलं आणि घाटकोपरला एकाच इमारतीत राहिलो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या. तेव्हा आपल्याकडे ही शस्त्रक्रिया नवीनच होती. पायातली शीर काढून, तुंबलेल्या जागेला वळसा घालून ती हृदयावर जोडली. शुद्धीवर आल्यावर त्याने डॉक्टरांना पहिलं हेच विचारलं, "ही किती वर्षं टिकेल?" डॉक्टर खरं बोलले, "सगळ्यांनाच हे नवीन आहे हो. आम्हालाही अजून माहीत नाही."

त्या उत्तरात गणपत अडकला. मला म्हणाला, "मी पायप बसवतंय तेव्हा किती वर्सां टिकतलो ता सांगतंय. ह्यांका म्हायतच नाय रे!" नोकरी सुटली. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत तो दिवसभर मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचा. जिना उतरायचा नाही, मोठ्याने हसायचासुद्धा नाही. सुशीलावहिनी भाजीला गेल्या तरी याचा जीव खालीवर. "मला पण कुठे सोडलंय त्यांनी, भावोजी?" त्या एकदा म्हणाल्या आणि कुकरकडे वळल्या.

दोन वर्षं अशी गेली. मग गावाहून तार आली, आई अत्यवस्थ. तो गेला नाही. तिकडे जवळपास हॉस्पिटल नाही, वाटेत काही झालं तर? चौथ्या दिवशी आई गेल्याची तार आली. मला राहवलं नाही. "आई गेली, तरी तू खुर्ची सोडली नाहीस!" मी ओरडलो. तो नाडी मोजत राहिला.

पण दुसऱ्या सकाळी तो एकटा जिना उतरून माझ्या दारात उभा होता. चेहरा घामाने डबडबलेला. "चल, खंय तरी जावया." आम्ही मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने मनोरीला गेलो. ओल्या वाळूत तो अनवाणी चालला, आईचं नाव घेऊन रडला. त्यानंतर वर्षभर तो रोज बाहेर पडत होता.

एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. शीर बंद झाली होती. "हे घरातच बसून राहिले असते तर?" वहिनींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तरीही झालं असतं कदाचित. सांगता येत नाही." त्या 'कदाचित'मधून मी अजून बाहेर आलेलो नाही...

काल वहिनींकडे गेलो. घराला रंग लावणं चालू होतं. तीन भिंती पांढऱ्याशुभ्र. खिडकीशेजारच्या चौथ्या भिंतीवर गणपतचं डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग होता. रंगाऱ्याने ब्रश बुडवला, तशा वहिनी मध्ये आल्या.

"तेवढी राहू दे," त्या म्हणाल्या.