कावून आणि कावीळ

समस्त मराठी कादंबरीकारांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपण आता निर्धास्त झोपावे. बीडच्या शमीमआपा गेल्या. तुमच्या नायकाची पानापानावर गचांडी धरणारं माणूस उरलं नाही.

बातमी आली तेव्हा मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पीत होतो. त्यांच्या पुतण्याचा, इरफानचा फोन होता. "काका, आपा गेल्या..." माझ्या मनात पहिला विचार आला तो अगदी नालायक : हातातली कादंबरी पुरी झाली होती का त्यांची?

एसटी स्टँडजवळ आपांचं फळांचं दुकान. मोसंब्यांच्या ढिगाआड त्या वाचत बसलेल्या असायच्या. मी गेलो मोसंबी घ्यायला आणि अडकलो तो पुस्तकांत. माझ्याकडची पुस्तकं त्या वाचायला न्यायच्या आणि परत यायची तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच शब्द असायचा : 'कावून?' नायिका घर सोडते, कावून? नायक मुकाट ऐकून घेतो, कावून? 'का' नुसतं विचारतं हो, आमचं 'कावून' कॉलर धरतं!

मग त्यांचे डोळे अधू झाले. डॉक्टर म्हणाले, वाचन सोडा. आपांनी डॉक्टर सोडला. इरफाननं पुस्तकं वाचायचं ते यंत्र आणून दिलं. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होई. आपा वाचू लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढं यंत्राची हजेरी घेऊ लागल्या.

"ह्याला बटन कावून न्हाई? मोसंबीचं वलं बोट लागलं की पानं उडतेत. आन् हे टक्के कशाला सांगतंय? मला जाडी पायजे. किती राहिलं ते हाताला कळाया पायजे. आन् आवडलं तर तुला वाचाया कसं देऊ? आख्खं यंत्रच देऊ?"

खरं युद्ध पेटलं ते समासावरून. यंत्रातल्या नोंदीत त्यांनी 'कावून' लिहिलं की यंत्र ते परस्पर सुधारून 'कावीळ' करी. पुन्हा लिहिलं, पुन्हा कावीळ! इरफाननं कंपनीला फोन लावून दिला. तिकडचा पोरगा अदबीनं म्हणाला, "आजी, तुम्ही 'का' लिहा ना."

"पुस्तक मी वाचते का तू? मग तुजं कावून ऐकू?"

त्यांनी 'का' लिहिलं नाही. मरेपर्यंत नाही. लिहिताना 'कावून'च लिहीत राहिल्या, यंत्राला काय करायचं ते करू दे म्हणून.

आपांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर इरफाननं ते यंत्र माझ्या हातात ठेवलं. "काका, आतल्या नोंदी पुसून देऊ?"

"हात तर लावून बघ!" मी म्हणालो.

आता ते आमच्या दिवाणखान्यात असतं, काचेवर मोसंबीचा चिकट ठसा अजून तसाच. कादंबरी त्यांनी पुरी केली होती. नायक मरतो त्या शेवटच्या पानावरही त्यांची नोंद आहे... परवा परळीहून माझी मेहुणी आली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवसभर ती त्यात डोकं खुपसून बसली आणि शेवटच्या पानावर आली तशी एकदम ओरडली,

"अवो दाजी, पयल्या पानापासून सगळ्यांना कावीळ, आन् कुनीच कुनाला दवाखान्यात नेलं न्हाई... कावून?"