एबल म्हंजे अबला न्हाई

मला इंग्रजी फार येत नाही, पण त्यातला एक शब्द असा आहे की त्याच्यापायी मी कुणाशीही भांडेन. एबल.

दुष्काळाचा उन्हाळा होता. पाटोद्याकडचं आमचं गाव. पाणी टँकरचं, चारा छावणीचा, आणि धड चालू असलेली एकच जागा, दूध संस्था. तिथं दूध तपासायला माणूस हवा होता. मी मॅट्रिक पास. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताची सालटं निघालेली, त्यामुळं मला ते काम हवंच होतं. पण आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाईनं गावाच्या दुधात डिग्री बुडवावी, हे काहींना पचत नव्हतं. डिग्री म्हणजे दुधातलं पाणी ओळखणारी काचेची नळी.

तालुक्याच्या साहेबानं माझी परीक्षा घेतली, अर्जावर इंग्रजीत एकच शब्द खरडला आणि जीपमध्ये बसून गेला. संस्थेच्या चेअरमननी चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवलं.

"अ... ब... ले. अबले. बघा, साहेबानंच लिवलंय, अबला हाय म्हनून. बाई, तुला न्हाई झेपायचं."

लोकांनी लगेच माना डोलावल्या. माझं टाळकंच सरकलं.

"चेअरमन साहेब, ते एबल हाय. एबल म्हंजे जिला जमतंय ती. साहेब मला लायक म्हनले, आन् तुमी मला बिचारी करून टाकलं."

"कावून, तुला लई इंग्रजी येतंय?"

शेवटी शाळेतल्या गुरुजींना बोलावणं गेलं. ते शब्दकोश काखोटीला मारूनच आले. समर्थ, सक्षम, कर्तबगार, असे एकेक अर्थ ते वाचत गेले आणि मी पदर खोचून ताठ होत गेले. एवढं सगळं त्या साहेबानं माझ्याबद्दल लिहिलं होतं! आपल्याकडं त्याला एकच शब्द पुरतो, खमकी.

"अर्थ कळला," चेअरमन म्हणाले. "आता करून दाखव." आणि स्वतःच्या घरच्या दुधाची किटली पुढं सरकवली.

मी दुधात नळी सोडली. ती खाली खाली गेली. गाव टँकरमागं धावत होतं आणि यांच्या दुधाला मात्र पाणी पुरत होतं. गप बसले तर काम माझं, बोलले तर पुन्हा खडी.

"यात पानी हाय," मी म्हणाले. "परत न्या."

चेअरमननी वाकून नळी स्वतः बघितली, बराच वेळ बघितली. मग किटली उचलली आणि घराकडं वळताना संस्थेच्या सचिवाला म्हणाले, "उद्यापासून हिलाच बसव. माझी किटली परत धाडती, ती दुसऱ्या कुनाला सोडनार हाय?"