लेबलावरचे नाव

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा वाजता एक खेळ चालत असे. हा भूतकाळ लिहिताना तोंडाला कडवट चव येते. ती कशाने आली हे सांगण्यापूर्वी, ज्यांनी तो खेळ चालविला त्या राजानंद यांची ओळख करून देणे मला उचित वाटते.

राजानंद जालना एमआयडीसीतील एका बियाणे कारखान्यात एकतीस वर्षे लेबल विभाग सांभाळीत आहेत. वडील तातेराव लोखंडाच्या मिलमध्ये मजुरी करीत. घरात दहावीच्या पुढे गेलेले पहिले माणूस म्हणजे राजानंद. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात दोन पेन आणि दोरा कापण्याची एक लहान कात्री, अशी त्यांची मूर्ती. ती कात्री रविवारीही खिशात असे. बोलणे इतके सावकाश, की घाईतल्या माणसाने निम्म्यात उठून जावे.

त्यांच्या कामाची रीत सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. बियाण्याच्या पिशवीवर रंगीत चित्र असते : नारळाएवढे कापसाचे बोंड आणि त्यामागे हसणारे कुटुंब. त्या चित्रावर कोणी विश्वास ठेवीत नाही आणि त्यास कोणी आक्षेपही घेत नाही. परंतु पिशवीच्या तोंडाशी जे हिरवट लेबल शिवलेले असते त्यावर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि तारीख असते, व तेथे असत्याला जागा नाही. राजानंदांच्या विभागात चुकीचे लेबल सापडले तर त्यावर नवे चिकटवीत नाहीत. पिशवी उसवतात, बी बाहेर काढतात आणि त्या लॉटची प्रत्येक पिशवी अडवून ठेवतात. मालक ओरडतो, गाड्या खोळंबतात. राजानंद खिशातून कात्री काढतात आणि पहिला टाका कापतात.

हा खेळ त्यांना टाळेबंदीच्या काळात पुतण्या सूरजने पुण्याहून फोनवर शिकविला. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो (आमच्याकडे ते काम राजानंदांचे), बाकीचे तीतील एकेक पात्र होतात, आणि पात्राने केलेले धाडस फळले की फसले हे फासे ठरवितात. पात्राचे बळ, त्याच्या जखमा, त्याची भये, सारे संगणकावरील एका पत्रकात नोंदले जाते. खेळणारे त्यास शीट म्हणतात. मला आरंभी हा परदेशी पोरखेळ वाटला होता. पुढे ध्यानात आले, की सूत्रधार आणि नटांची आपली जुनीच मांडणी येथे रंगमंचाविना चालली आहे.

त्या पत्रकावर दोन नावे असतात, पात्राचे आणि खेळाडूचे. मूळ पत्रकात पात्राचे नाव ठळक, तर खेळाडूचे नाव कोपऱ्यातील इवल्या चौकटीत. आणि तेथे मराठी नाव लिहिले की वरच्या वेलांट्या छाटल्या जात. राजानंदांनी चार रविवार खपून ते पत्रक बदलले. खेळाडूचे नाव सर्वांत वर आणले, चौकट रुंद केली, आणि ज्याने त्याने आपले नाव आपल्या मनाजोगे, आपल्या आवडत्या रंगात लिहावे अशी सोय केली. त्यांची अट मात्र एक होती. ती आदिनाथला प्रथम कळली. हा आदिनाथ मिलमध्ये क्रेन चालवितो. त्याने आपल्या नावापुढे ‘किंग’ असे लिहिले.

“हे किंग कोन?” राजानंदांनी विचारले.

“मीच की, काका.”

“तुझ्या पात्राला राजा कर, चक्रवर्ती कर, आपलं काई म्हननं न्हाई. ते चित्र हाय. हे लेबल हाय. पिशवीत जेवढं हाय तेवढंच इथं लिहायचं.”

“मंग माझ्या पिशवीत काय हाय?”

“बारदाना,” अंगणवाडीच्या मदतनीस पुष्पाबाई म्हणाल्या. स्वतः पुष्पाबाईंनी चौकटीत नुसते ‘पुष्पाबाई’ लिहिले होते. पतीचे नाव का नाही, असे कोणी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते रेशन कार्डावर हाय. इथं मी एकटी खेळून राह्यले.”

अक्षताने आपले नाव जांभळ्या रंगात लिहिले : अक्षता रूपाली. रूपाली ही तिची आई, राजानंदांच्याच कारखान्यात बी निवडण्याचे काम करते. अक्षता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने घडविलेल्या पात्राचे नाव धूम्रा, पूल राखणारी एक स्त्री, जिला पाण्याचेच भय वाटते. दीड वर्ष तिने हे पात्र खेळले. एकदा एका वृद्ध वाटसरूला घाईने वाटेस लावण्यासाठी धूम्रा खोटे बोलली, पूल भक्कम आहे म्हणाली. पूल कोसळला आणि राजानंदांनी धूम्राचा पाय कायमचा अधू केला. अक्षता दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली आणि लंगडणारी धूम्रा खेळू लागली. त्या दिवसापासून ती जे खेळली, ते पाहण्यास मी वृत्तपत्र खाली ठेवीत असे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मंडळाने अशा खेळाडूंची पत्रके मागविली. पत्रके वाचून दहा जणांची निवड व्हायची होती; त्या दहा जणांना आठ दिवस पुण्यास ठेवून कथारचना शिकविली जाणार होती. आमच्या वाचनालयास एकच पत्रक पाठविता येत होते आणि ते धूम्राचे, याविषयी खेळणाऱ्यांत दुमत नव्हते. अक्षता तोवर जिल्ह्याबाहेर एकदाच गेली होती, तेही मावशीच्या लग्नाला. रूपालीने शेजारणीची चाकांची बॅग मागून आणून ठेवली.

साहेबराव हे वाचनालयाचे अध्यक्ष. बियाण्याचे ठोक विक्रेते, स्वभावाने अतिशय गोड. वाचनालयाचे पाच संगणक त्यांनी दिलेले. प्रत्येकावर त्यांचे नाव तैलरंगात रंगविलेले आहे. त्यांचा मुलगा हरिओम खेळास दोनदा आला होता आणि दुसऱ्यांदा मध्येच उठून गेला होता. पत्रक पाठविण्याच्या आधल्या दिवशी साहेबरावांनी समितीची सभा बोलाविली. समितीत माझ्यासह आम्ही सात जण होतो. राजानंद समितीत नव्हते, त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते.

“राजानंदराव,” साहेबराव म्हणाले, “शीट चांगली हाय, बिलकुल चांगली. पन पोरीच्या जातीला आठ रोज पुन्याला कोन पाठवतंय? तिच्याच भल्याचं सांगून राह्यलो. वरचं नाव तेवढं हरिओमचं करा. कंप्युटर वाचनालयाचे, खेळ वाचनालयाचा, मंग शीटबी वाचनालयाचीच ना? पोरीचं नाव राहू द्या की खाली कुठंतरी, सहकार्य म्हनून.”

असे म्हणून त्यांनी पेढ्यांचा डबा फिरविला.

आपल्या रसशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव सांगितला आहे आणि त्याची कारणे म्हणून रक्त, कृमी, दुर्गंध यांची गणना केली आहे. तारुण्यात मी हे विद्यार्थ्यांना शिकवीत असे. आता वाटते, ती गणना अपुरी राहिली. त्या खोलीत दुर्गंध नव्हता. केशराचा वास होता. आवाज मृदू होता, शब्दाशब्दात जिव्हाळा होता, आणि मला ओकारी येत होती. एका मुलीची दीड वर्षाची कल्पकता तिच्या अंगावरून उतरवून आपल्या मुलाच्या अंगावर घालायची, आणि ते करताना तिच्या भल्याचे नाव घ्यायचे. कृमीसुद्धा आपल्या खाण्याला दया म्हणवून घेत नाहीत.

“भाऊ, लेबल बदलत न्हाई आमी,” राजानंद म्हणाले.

“अहो, ही काय बियान्याची पिशवी हाय का?”

“न्हाई. मानूस हाय.”

पेढ्यांचा डबा राजानंदांपाशी थांबला. त्यांनी तो तसाच पुढे सरकविला. ठराव मताला टाकावा लागलाच नाही, कारण आम्हा सातांत विरोध करणारा कोणी नव्हता. मी माझा चष्मा पुसत होतो. तो स्वच्छ होता.

साहेबरावांच्या दुकानातील कारकून भुजंग याने ते काम तेथेच, आमच्यादेखत, दोन मिनिटांत केले. ‘अक्षता रूपाली’ पुसून ‘हरिओम साहेबराव’ लिहिले. रंग बदलता येतो हे त्यास ठाऊक नव्हते, म्हणून अक्षरे जांभळीच राहिली.

निवड झाली. मग सत्कार आला, शाल आली, श्रीफळ आले, आणि वाचनालयाच्या दारावर बारा फुटी फ्लेक्स लागला : मध्ये साहेबराव, शेजारी थोडा लहान हरिओम, खाली दोघांची नावे. सूत्रसंचालकाने ध्वनिवर्धक हरिओमपुढे धरला आणि धूम्राविषयी दोन शब्द सांगण्यास विनविले. मुलगा घामाघूम झाला होता. “धूम्रा हा फार शूर योद्धा आहे,” तो म्हणाला. धूम्रा स्त्री आहे आणि लंगडी आहे, हेही त्यास कोणी सांगितले नव्हते. टाळ्या पडल्या. अक्षता तिसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. टाळ्या वाजविणाऱ्यांत तीही होती. हे दृश्य मला सर्वांहून असह्य झाले. आपल्या लुबाडणुकीला सभ्यपणे टाळ्या द्याव्यात, एवढे शिक्षण या गावाने तिला विनामूल्य दिले होते.

पुढचे मला रूपालीने सांगितले. त्याच दुपारी राजानंद त्यांच्या घरी गेले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि अक्षताला म्हणाले, “पुन्याला लिहावं म्हनतो. पन असं लिवलं की सगळा लॉट थांबतो. त्याचं जाईल, तुझंबी जाईल. वाचनालयाच्या शीटा फुडं घेतील का न्हाई, त्याचाबी भरोसा न्हाई. तू न्हाई म्हनली तर न्हाई लिहीत.”

“न्हाई म्हन गं बाई,” रूपाली म्हणाली. “भाऊ, पुढच्या साली तरी जाईल ना लेकरू. आता कशाला त्यांच्या तोंडी लागता? तुमच्या कारखान्यातबी त्यांचीच गिऱ्हाइकी हाय.”

अक्षता मोरीत कप विसळत होती. बराच वेळ तोच कप विसळत राहिली.

“काका, धूम्रा खोटं बोल्ली तवा तुमी तिचा पाय लंगडा केल्ता.”

“केल्ता.”

“मी किती रडले, तरी न्हाई बदललं.”

“न्हाई बदललं.”

“मंग ह्यान्ला सूट काहून?”

रूपाली उठली आणि चाकांची बॅग शेजारणीला परत देऊन आली.

राजानंदांनी चार ओळी लिहिल्या : हे पत्रक हरिओम यांचे नाही, खेळणारीचे नाव वेगळे आहे, नाव बदलले गेले तेव्हा मी हजर होतो, कृपया तपासावे. संगणक जुने नाव विसरत नाही. कोणत्या दिवशी काय पुसले आणि काय लिहिले, हे पत्रकाच्याच पोटात राहते आणि पत्रक जाईल तेथे जाते. पुण्याच्या मंडळाने ते पाहिले. निवड रद्द झाली आणि दोन वर्षे आमच्या वाचनालयाचे कोणतेही पत्रक स्वीकारले जाणार नाही, असे उत्तर आले. अक्षताच्याच जागी अक्षताला बोलवावे, हे त्यांनाही सुचले नाही. नियमावर बोट ठेवून हात झाडणारी माणसे केवळ जालन्यातच राहतात असे नाही.

महिनाअखेर पाचही संगणक दुरुस्तीसाठी म्हणून साहेबरावांच्या दुकानात गेले. ते अद्याप नादुरुस्त आहेत. रविवारी वाचनालय बंद ठेवण्याचा ठराव झाला. त्याच ठरावात अध्यक्षांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभार मानले आहेत. त्याखाली सात सह्या आहेत आणि पाचवी माझी आहे. मी ती वळणदार अक्षरात केली.

खेळ आता रूपालीच्या अंगणात, कागदाच्या पत्रकांवर चालतो. पहिल्या रविवारी मी अपराध्यासारखा गेलो. कोणी काही विचारले नाही. पुष्पाबाईंनी सरकून जागा करून दिली. राजानंदांनी कारखान्यातील छापून वाया गेलेली लेबले आणली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाने आपले नाव लिहिले आणि ते पत्रकाच्या माथ्यावर दोऱ्याने शिवून टाकले. जांभळी शाई नव्हती. अक्षताने निळ्या पेनने लिहिले.

बसण्यास अंगणात काही नव्हते. तेव्हा रूपालीने वाचनालयामागच्या कचऱ्यातून उचलून आणलेला फ्लेक्स पसरला. साहेबरावांचा बारा फुटी चेहरा उन्हात चकाकू लागला.

“बसा गुरुजी, गादी हाय,” आदिनाथ मला म्हणाला. “नाकावर बसा, उंच हाय तेवढं.”

सारे हसले. मीही हसलो, त्या चेहऱ्यावर चिखलाच्या चपलांनी उभे राहावे अशी मला तीव्र इच्छा झाली होती. राजानंद हसले नाहीत. त्यांनी खिशातून कात्री काढली, गुडघे टेकले आणि फ्लेक्सच्या खालची पट्टी कापू लागले. आधी हरिओमचे नाव कापून बाजूला ठेवले.

“लेकराचं हाय, बराबर हाय,” पुष्पाबाई म्हणाल्या. कात्री पुढे साहेबरावांच्या नावाकडे वळलेली पाहून त्यांचा आवाज बदलला. “त्यांचं कशाला काढून राह्यले, भाऊ? बसू द्या की आमाला त्याच्यावर.”

“नावानं काई केलं न्हाई, बाई.”

त्यांनी दोन्ही पट्ट्यांची घडी घातली, लेबलांच्या डब्यात तळाशी ठेवली आणि फासे अक्षतापुढे सरकविले.