नीलाबाईचं भेव

अहेरीजवळ मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. तिथल्या सामानाच्या शेडची किल्ली नीलाबाईकडे असायची. पन्नाशीची, अंगानं किरकोळ बाई. सिमेंट, सळई, ताडपत्र्या, सगळं तिच्या ताब्यात. पण तिचा जीव अडकलेला असे तो सेंट्रिंगच्या प्लायमध्ये. स्लॅब ओतताना ओल्या काँक्रीटचं सगळं ओझं या प्लायवर येतं. प्लायची प्रत्येक पाटी वापरून आली की ती खरवडायची, तेल लावायची, कडांना रंग द्यायची. मग जमिनीपासून वीतभर उंच लाकडी ठोकळ्यांवर सगळ्या आडव्या रचायची. वरून ताडपत्री घालायची, पण बाजू मोकळ्या. "वारा लागला पायजे त्याले," ती म्हणायची, "कोंडलं का सडते."

लोक हसायचे. त्यांना चिमूरची गोष्ट ठाऊक नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी चिमूरला एका बांधकामावर नीलाबाई घमेली वाहत होती. पाणी पिऊन, स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्यांमधून परत येत असताना वर काहीतरी कडाडलं. फुगलेल्या दोन पाट्या फाटल्या आणि ओलं काँक्रीट धबाधबा खाली आलं. नीलाबाई हातभर अंतरानं वाचली. तिच्यामागून येणाऱ्या रुखमाबाईचं कंबरडं मोडलं. ती पुन्हा कधी सरळ चालली नाही. तेव्हापासून नीलाबाईनं घमेलं सोडलं आणि सामान राखायचं काम धरलं.

भाद्रपदात मुलगी दिव्यानी बाळंत झाली, म्हणून नीलाबाई तीन आठवडे ब्रह्मपुरीला गेली. परतली ती सकाळच्या पहिल्या गाडीनं, आणि फाटकातच तिला मिक्सरचा आवाज आला. स्लॅब सुरू झाला होता.

शेडमध्ये सिमेंटच्या थैल्या छतापर्यंत. प्लाय नव्हती. मागच्या भिंतीबाहेर चिखलात प्लास्टिकचा एक मोठा गुंडाळा पडलेला, आतून घामेजलेला. 

"प्रफुलभाऊ, प्लाय कुठी ठेवली होती?" तिनं सुपरवायझरला विचारलं.

"सिमेंटले जागा नोती, म्हणून भायेर उभी केली. प्लास्टिकनं पॅक करून ठेवली होती ना! काऊन?"

"वीस दिवस? या पावसात?"

"बाई, आज स्लॅब आहे. डोकं नको खाऊ."

तो वर निघून गेला. नीलाबाई खाली उभी राहिली. समोर बल्ल्यांची दाटी, आत अंधुक उजेड. चिमूरनंतर ती ओतत्या स्लॅबखाली कधी गेली नव्हती. पाय उचलेनात. वरून बायकांच्या चालण्याची थरथर बल्ल्यांमधून उतरत होती, आणि त्या बायकांपैकी एकीलाही खाली काय आहे ते माहीत नव्हतं.

ती वाकून आत शिरली.

हात वर करून बोटांच्या पेरांनी एकेक पाटी ठोकू लागली. टणक आवाज. पुढची, टणक. सिमेंटचं पाणी टपकन मानेवर पडलं आणि ती ओरडलीच. मिक्सरच्या घरघरीत कोणाला ऐकू गेलं नाही.  पळ, पळ, असं सगळं अंग सांगत होतं. पश्चिमेच्या कोपऱ्यात एका पाटीवर पेर आपटलं आणि आवाज आला तो भद्द, ओल्या पुठ्ठ्यासारखा. शेजारची तशीच. तिसरीला तर पोट आलेलं, कडेचे पापुद्रे सुटून ओठासारखे उघडलेले. अजून तिथवर काँक्रीट पोचलं नव्हतं.

बाहेर कशी आली ते तिला आठवत नाही. ती थेट वर चढायच्या फळीवर जाऊन आडवी उभी राहिली. डोक्यावर घमेलं घेतलेली सुकरी तिच्यावर धडकता धडकता थांबली.

"कोनी वर जायचं नाई!"

मागची रांग तुंबली. प्रफुल धावत आला. "येडी झाली का? माल सुकून राह्यला!"

"तीन पाट्या सडल्या हायेत. मले कामावरून काढा, पन बायांले वर जाऊ नाई देत मी." तिचे दात वाजत होते, प्रत्येक शब्द तुटून येत होता.

इसरू मिस्त्री म्हातारा माणूस.  एक सळई घेऊन खाली गेला, नीलाबाईनं दाखवलेल्या पाटीत टोचली. सळई आरपार गेली. इसरूनं ती बाहेर काढली आणि तिच्या टोकाचा ओला भुसा प्रफुलच्या तळहातावर ठेवला.

मिक्सर बंद झाला. त्या कोपऱ्यातल्या पाट्यांखाली जाड फळ्या आणि चौदा जादा बल्ल्या ठोकल्या गेल्या. बाकीच्या सगळ्या पाट्या इसरूनं स्वतः तपासल्या. तासाभरानं काम पुन्हा सुरू झालं. तेवढ्या वेळात नीलाबाई पाण्याच्या टाकीमागे जाऊन दोनदा ओकली.

सेंट्रिंग उतरवलं त्या दिवशी त्या तीन पाट्या हातात धरताच वहीच्या पानांसारख्या सुटल्या. प्रफुलनं सुटलेले पापुद्रे गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "बाई, सिमेंट दुसरीकडं हलवतो. शेड तुमची." पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तुमची' आलं.

स्लॅब भक्कम निघाला. हिवाळ्यात वसतिगृहाचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळे खोल्या बघायला आत गेले. नीलाबाई बाहेर मांडवातच चहा वाटत राहिली. सुकरीनं तिचा हात धरून ओढलं, तेव्हा ती म्हणाली, "तू पाहून ये. मले इथीच बरं वाटते."