अक्काची ओमानची मैत्रीण

अक्काच्या मैत्रिणीला मी ब्लॉक केलं होतं.

अक्काला न सांगता. अक्काच्याच फोनवरून.

अक्काला जाऊन आज दहा दिवस झाले. दहावा आटोपून घरी आलो आणि लिहायला बसलो. तिच्या मुलाला, बाळूला, आधी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिहा मामा. आईला चाललं असतं."

अक्का माझी मोठी बहीण. पाचोऱ्याला राहायची. भाऊजी गेले, बाळू नोकरीला पुण्यात. दिवसभर ती आणि तिची क्रोशाची सुई.

फोन मीच घेऊन दिला. फेसबुकही मीच काढून दिलं. नाव ठेवलं 'अक्का पाचोरा', फोटो झेंडूच्या फुलाचा. खरं नाव, खरा चेहरा कुठे टाकायचा नाही, हा माझा नियम.

मी जळगावात एका पतसंस्थेत काउंटरवर बसतो. कुणाला तरी ओटीपी सांगून बसलेली माणसं माझ्यासमोर येऊन रडतात. अनोळखी नंबर दिसला की माझं डोकं आधी संशयाकडेच जातं.

क्रोशाच्या एका ग्रुपवर अक्काला ही बाई भेटली. नाव उम्म युसूफ. गाव सोहार, देश ओमान. प्रोफाइलला गुलाबाचं फूल. स्वतःचा फोटो एकही नाही.

अक्का विणलेल्या रुमालाचा फोटो टाकायची. चार दिवसांत ती तिकडून तसाच विणून दाखवायची. मग व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट सुरू झाल्या.

त्याही हिंदीत!

मी म्हटलं, "अक्का, ओमानची बाई हिंदी कशी बोलते? आणि उम्म युसूफ हे काय नाव आहे? त्याचा अर्थ युसूफची आई. स्वतःचं नाव का लपवते?"

अक्का सुई न थांबवता तिच्या अहिराणीत म्हणाली, "माले बी गावमा बठ्ठा बाळूनी माय म्हनतस. मनं नाव कोनले माहीत शे?"

"मग तिला व्हिडिओ कॉल करायला सांग."

अक्काने विचारलं, तर तिकडून नकार आला. तिकडे व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही म्हणे. आणि परक्या घरात चेहरा दाखवत नाही म्हणे.

मला वाटलं, झालं. पकडला चोर.

"तुले बठ्ठा चोरच दिखतस," अक्का म्हणाली.

मग दिवाळीच्या सुमारास तिकडून निरोप आला. बहन, पत्ता भेज, तेरे लिए धागा भेजती हूँ.

पार्सल येणार, ते अडकणार, मग ते सोडवायला पैसे मागणारा फोन येणार. ही गोष्ट मी काउंटरवर किती वेळा ऐकलीय! अक्का चहा टाकायला आत गेली तेवढ्यात मी नंबर ब्लॉक केला. फेसबुकवरही. अक्काला त्या ग्रुपमधूनही बाहेर काढलं.

ती बरेच दिवस फोन उघडून बघायची.

"बिमार पडनी व्हई का रे ती?"

मी म्हणालो, "असेल."

हे एक वाक्य मला आता झोपू देत नाही.

पुढे अक्काच्याच पोटात गाठ निघाली. जळगावला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत.

अक्का म्हणाली, "उम्म युसूफले सांगी दे ना रे."

तेव्हा मी कबूल केलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी उभाच. मग म्हणाली, "आते तरी सांगी दे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा चौकशी केली. सहकाऱ्याचा भाऊ मस्कतला असतो. तो म्हणाला, इथे असे कॉल सहसा लागत नाहीत. हिंदी दुकानादुकानात चालते. आणि कितीतरी बायका फोटोच्या जागी फूलच ठेवतात.

तरी माझा संशय गेला नव्हता, खोटं कशाला बोलू?

अनब्लॉक करून मेसेज टाकला. दोन दिवस उत्तर नाही. मग इंग्रजीत आलं. युसूफकडून.

"तू कोण? ही बाई मधेच गायब का झाली? तुमच्याकडचे पुरुष बाईच्या नावाने आमच्या बायकांना मेसेज करतात. मी आईला पहिल्यापासून सांगतोय, फुलाचा फोटो आणि अर्धं नाव, हा फ्रॉड आहे. खरी असेल तर बोलू दे."

मला राग आला. मग लाज वाटली. अक्काला वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली. दुखत होतं तरी हसली.

"तुना भाऊच शे तो," म्हणाली. "आते तू बाहेर जाय. बायास्नं बोलनं शे."

मी बाहेर बाकावर बसलो. आतून अक्काचा आवाज, मग थोड्या वेळाने व्हॉइस नोटमधून त्या बाईचा. ती रडत होती. अक्काही. मग कुठल्या तरी टाक्यावरून दोघींचं भांडण सुरू झालं. अक्काची हिंदी, तिची हिंदी. मला निम्मं कळलं नाही. त्यांना सगळं कळत होतं.

असं नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी पहाटे अक्का गेली.

मी युसूफला कळवलं. त्याने दुआ लिहून पाठवली. आज सकाळी परत मेसेज आला.

"आई नीट जेवत नाही. तिला तुमच्या बहिणीचा चेहरा एकदा बघायचाय. तुमच्या घरच्यांची परवानगी असेल तरच. मी स्वतः बघणार नाही."

फोटोचं लोक काय काय करतात, ते मीच सगळ्यांना सांगत असतो.

बाळूला विचारलं. तो म्हणाला, "पाठवा मामा."

अंगणात बसलेली, चष्मा नाकावर घसरलेली, तोंडात सुपारी. तो फोटो पाठवला.

तासाभराने उम्म युसूफची व्हॉइस नोट आली. माझ्यासाठी पहिलीच.

"भाई, मेरी बहन बहुत सुंदर थी."

हो, होती.

अक्का, चुकलो गं. नीट जा.