फळानंतर आई

ब्यॉर्न गेला त्या वर्षी विनिपेग तळं लवकर गोठलं. लाउगा थॉरवाल्डसनचं सगळं आयुष्य त्या तळ्याच्या काठावर गेलेलं. नवरा ब्यॉर्न बर्फाला भोकं पाडून जाळी सोडायचा आणि ही काठावरच्या शेडमध्ये बायकांबरोबर मासे साफ करायची. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला तसा तिला शेडमधला वास सहन होईना आणि घर तर खायलाच उठलं. मग तिने ठरवलं, गावातल्या कामाला जाणाऱ्या आयांची पोरं आपल्या घरी सांभाळायची.

नणंद थोरा ऐकून हसत सुटली. "तू? अगं, तुझा जन्म गेला मुक्या माशांत. ही पोरं बोंबलतात!"

आणि बोंबललीच. पहिल्या हिवाळ्यात चार पोरं आली. लाउगाला वाटलं होतं, लेकरंच ती, भूक लागली की खातील, झोप आली की झोपतील. पण दुपारपर्यंत घराचा पार बाजार झालेला असायचा. एक झोपेला आलेलं, दुसरं भुकेने कळवळलेलं, तिसरं एका पायात बूट घालून दारात भोकाड पसरलेलं. संध्याकाळी पोरांना न्यायला आलेली शेवटची गाडी गेली की लाउगा त्याच पसाऱ्यात खाली बसायची. एकदा तर तिनेही मनसोक्त रडून घेतलं.

पण जाळी दुरुस्त करणारी बाई ती. जाळं कुठे फाटतं हे आधी बघायचं, मग दोरा हातात घ्यायचा. ती पोरांकडे बघत राहिली. रडणं भुकेपेक्षा दिवसाच्या सांध्यांवर जास्त येतं, हे तिच्या ध्यानात आलं. खेळातून उठवलं की रडणं, बाहेरून आत आणलं की रडणं, आईची पाठ वळली की रडणं. मग तिने एकेक सांधा विणायला घेतला. पोरं ताजीतवानी असतात तेव्हा, म्हणजे सकाळीच, बाहेर. बर्फातले जाड कपडे चढवायला वेळ लागतो, तर तो वेळच खेळाचा करायचा. काल जो सगळ्यात शेवटी तयार झाला, तो आज पहिला. आत येण्याआधी सूप वाटीत निवत ठेवलेलं, कारण गारठलेलं पोर थांबत नाही. मग गोष्ट, मग पडदे ओढून झोप, उठल्यावर फळ, आणि मग आयाबाप. प्रत्येक बदलाआधी ती एकच गाणं गुणगुणायची. ती उठायच्या आतच पोरं गाण्यावरून ओळखायची की आता काहीतरी बदलणार.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला, तिने पुठ्ठ्यावर चित्रं काढून लावली. बूट, वाटी, पुस्तक, उशी, सफरचंद. चित्रकला यथातथाच. तिच्या सफरचंदाला पोरं बरेच दिवस बटाटा म्हणत होती.

गावाच्या रिवाजाप्रमाणे पोरं तिला अम्मा म्हणू लागली. गावकऱ्यांच्या पूर्वजांच्या भाषेत अम्मा म्हणजे आजी. आपल्याला कुणी त्या नावाने हाक मारेल, असं लाउगाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ब्रिन्या आली ती तीन वर्षांची असताना. तिची आई टॅनिस सेलकर्कच्या इस्पितळात नर्स होती. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. बाप उत्तरेकडे खाणीत, महिन्यातून थोडे दिवस घरी. पोर रडायची नाही. सारखं एकच विचारायची, "आई कधी येणार?"

"चार वाजता."

"चार म्हणजे कधी?"

 त्या दुपारी बाकीची झोपल्यावर तिने आणखी एक पुठ्ठा घेतला आणि टॅनिसची निळी गाडी काढली. ती सफरचंदाच्या पुढे लावली. "हे बघ. फळ, मग आई."

ब्रिन्याने भिंतीवर बोट टेकवून एकेक चित्र मोजलं. त्या दिवसापासून प्रश्न थांबला.

दुपारी मात्र ती झोपायची नाही. आधी लाउगा जबरदस्तीने निजवायची, मग तिने नाद सोडला. पोरं झोपलेली असायची ती वेळ लाउगाला दिवसातली सगळ्यात जड जायची. पोरांनी भरलेलं घर आणि तरीही चिडीचूप. आता त्या वेळी दोघी स्वयंपाकघरात बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या. ब्रिन्या घडी घालायची, लाउगा ती गुपचूप नीट करायची. बोलणं फारसं नसायचंच.

ब्रिन्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि बघता बघता रस्ता दिसेनासा झाला. जवळच्या पोरांना आईबाप कसेबसे घेऊन गेले. ब्रिन्याचं सफरचंद खाऊन झालं. ती बूट घालून दारापाशी उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"अम्मा, हायवे बंद केलाय," टॅनिस इस्पितळातून बोलत होती. "मला निघताच येत नाही हो. आज तिला ठेवाल?"

"हे काय विचारणं झालं? तू तिथेच थांब, शहाणपणा करू नकोस."

पण दारातल्या पोरीला काय सांगायचं? ब्रिन्या भिंतीकडे बोट दाखवत होती. "फळ झालं. आता आई."

"हो गं. पण आज मध्ये थोडी भर घालावी लागणार." लाउगाने पुठ्ठा आणि कात्री घेतली. "गाडीच्या आधी काय काय लावू या, सांग."

"संध्याकाळी तू काय करतेस?" ब्रिन्याने विचारलं.

लाउगाचा हात थांबला. पोरांचा दिवस तिने इंच इंच बेतला होता. शेवटची गाडी गेल्यानंतर मात्र ती काहीच करत नव्हती. उभ्याउभ्या पावाचा तुकडा, टीव्हीवर हवामान, खुर्चीतच लागलेला डोळा. त्यात चित्र काढण्यासारखं काय होतं?

"मासा तळते," ती म्हणाली. "मग अंघोळ. मग... मग पत्ते खेळते."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

तिने मासा काढला, टब काढला, पत्ते काढले, उशी, मग सकाळचे बूट आणि सगळ्यात शेवटी निळी गाडी. त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी ब्यॉर्नच्या आवडीच्या कढईत पिकरल मासा तळला गेला. ब्रिन्या पत्त्यांत खुशाल लबाडी करून जिंकली, आणि उशी येताच भिंतीकडे एकदा बघून झोपली. सकाळी बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागोमाग टॅनिस आली आणि दारातच रडली. लेक मात्र वैतागली, "आई, अजून बूट झाले नाहीत!"

पाचव्या वर्षी ब्रिन्या शाळेत जायला लागली आणि ते कुटुंब विनिपेगला गेलं. भेटायला येऊ म्हणाले. दोन नाताळांना कार्डं आली, मग तीही थांबली. आपण मनाला लावून घेतलं नाही, असं लाउगाने थोराला सांगितलं. ते थोराला खरं वाटलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, ऑगस्टच्या जत्रेत, थोरा आणि लाउगा बाकावर बसून विनार्तेर्ता, म्हणजे सुक्या आलुबुखारांचा थरांचा केक, खात होत्या. कुणीतरी "अम्मा!" म्हणून हाक मारली. टॅनिस होती, केस पांढरे झालेली. सोबत लांब पायांची, उन्हाने रापलेली पोरगी.

"ब्रिन्या, ओळखलंस का? ह्या अम्मा लाउगा. तू त्यांच्याकडेच वाढलीस."

पोरीने शिष्टाचाराने हात पुढे केला. "नमस्कार." तिच्या डोळ्यांत काही म्हणजे काही हललं नाही.

"अगं, ते वादळ? पत्ते?" टॅनिस ओशाळली.

"राहू दे गं," लाउगा म्हणाली. "एवढीशी तर होती. आठवत नसतं."

ब्रिन्याला वाईट वाटलं असावं. तिने कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "तुमच्याकडे कुत्रा होता ना? तपकिरी?"

लाउगाकडे जन्मात कुत्रा नव्हता. 

"होता की," ती म्हणाली.

"वाटलंच मला! मी त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायचे."

"हो. फार शहाणा होता."

पोरगी खुलली. आणखी दोन शब्द बोलली, मग मैत्रिणींनी हाक मारली तशी पळाली. टॅनिसने लाउगाला घट्ट मिठी मारली आणि तीही गर्दीत गेली.

थोरा उसळली. "कसला कुत्रा? सरळ सांगायचं होतंस. दोन वर्षं खस्ता काढल्यास तिच्यासाठी, आणि श्रेय कुत्र्याला?"

"तिला काहीतरी आठवत होतं गं. ते कशाला काढून घेऊ?"

"आणि तुझं काय?"

लाउगाने कागदावरचा चुरा गोळा करून तोंडात टाकला.   तेवढ्यात थोराची नातवंडं आली, आजीला ओढत गाडीकडे घेऊन गेली. थोरा जाता जाता ओरडली, "येतेस का आमच्याकडे जेवायला?" लाउगाने हात हलवून नको म्हटलं. ती काठाकाठाने घरी आली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, एकही पोर येणार नव्हतं. ती उशिरा उठली, परसात शेंगा तोडल्या, दुपारी नको असताना झोपली. मंगळवारी सकाळी एक तरुण बाप दारात आला. त्याच्या मानेला त्याचं पोर असं चिकटलं होतं की सुटता सुटेना. त्याला कामावर जायला उशीर होत होता आणि त्याचेही डोळे भरले होते.

"घाई करू नकोस," लाउगा म्हणाली. "आधी तू आत ये, बस. आज तूही थोडा वेळ इथे राहा. उद्या त्याहून कमी."

बाप पोरासकट आत आला तसं तिने गाणं गुणगुणायला सुरुवात केली आणि दार लावून घेतलं.