झोपेची वारसनोंद

वंशावळ कशी लिहायची ते मला कुणी शिकवायला नको. मंडळ अधिकारी म्हणून वारसनोंदी तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. माणूस गेला की त्याच्या जमिनीला कुणाकुणाचं नाव लागणार, ते त्या एका कागदावर ठरतं. वर आजोबा, खाली मुलं, त्याखाली नातवंडं, आणि गेलेल्यांच्या नावापुढे ‘मयत’. म्हणून हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घरातल्या सगळ्यांची माहिती लिहून आणा, कोण कशाने गेलं, कोण किती झोपतं, तेव्हा मी घरी जाऊन पट्टी काढली आणि अर्ध्या तासात कागद तयार केला. अक्षरही चांगलं आलं होतं.

मला स्टेंट टाकून तेव्हा तीन आठवडे झाले होते. झटका ऑफिसातच आला. सगळ्यांनी आधी सकाळच्या मिसळीला दोष दिला, मीही दिला. पण तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. भीती नाही, रडू नाही. लोक भेटायला यायचे, शहाळी आणायचे, डोळे पुसायचे, आणि मी दुसऱ्याच्या प्रकरणाची सुनावणी ऐकावी तशी बसून राहायचे. नवरा विचारायचा, बरं वाटतंय ना? मी म्हणायचे, हो. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

कागदावर असं होतं. वडील, मयत, वय अठ्ठावन्न, हृदयविकार, झोप चार तास. थोरला भाऊ, मयत, वय एक्कावन्न, हृदयविकार, झोप चार तास. मी, हयात, वय चोपन्न, झोप तेवढीच. माझ्याखाली माझी मुलगी, वय सव्वीस, आजार नाही, झोप आमच्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, तुम्ही दोघंच भावंडं का? मी म्हटलं, नाही, तीन. सगळ्यात धाकटा आहे अजून एक.

“मग तो इथे का नाही?”

“तो झोपतो,” मी म्हटलं.

त्यांनी कागदावर माझ्या नावाशेजारी पेन टेकवलं.

आमच्या खात्यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे वारस वगळणे. लग्न होऊन गेलेली बहीण, घरातून बिनसून गेलेला भाऊ, यांची नावं कागदावरून सहज गळतात. असे कित्येक प्रस्ताव मी लाल शेरा मारून परत पाठवले आहेत. जिवंत माणूस कागदावरून जातोच कसा, असं तलाठ्यांना चार लोकांत फैलावर घेतलं आहे. आणि आता माझाच कागद माझ्यासमोर होता, आणि रिकाम्या जागेवर बाईंचं पेन टेकलेलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. कागद चुकला, एवढंच वाटलं.

हडपसरला आमच्या दोन खोल्या होत्या. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि त्या जागी पुस्तकं आली. वडील दिवसा कारखान्यात हेल्पर आणि संध्याकाळी रात्रशाळेत. असं करत ते सरकारी कारकून झाले, पुढे अधिकारी झाले. पहाटे साडेतीनला दिवा लागायचा. झोप नंतरही घेता येते, असं ते म्हणायचे. थोरला आणि मी हाक मारायच्या आधीच उठून बसलेले असायचो. पाहुण्यांना हे कौतुकाने सांगितलं जायचं. खरं सांगायचं तर मला झोप लागायचीच नाही. आढ्याकडे बघत पडण्यापेक्षा वाचलेलं बरं, एवढाच माझा विचार. घरात त्याला जिद्द म्हणायचे आणि मीही म्हणू लागले. त्या जागण्यातून आम्ही शिकलो, हे मात्र खोटं नाही. त्यावर कुणी बोट ठेवलेलं मला आजही चालणार नाही.

धाकटा झोपायचा. जेवताना झोपायचा, विहारात वंदना चालू असताना भिंतीला टेकून झोपायचा. त्याला उठवायचं काम माझ्याकडे होतं. दोन हाका, आणि मग तांब्याभर पाणी तोंडावर. मला ते आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही. तो दहावीला नापास झाला तेव्हा वडील त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं, आणि आम्हीही. तो वाघोलीत राहतो, कॉलेजची बस चालवतो. कुणी विचारलं तर आम्ही म्हणायचो, ड्रायव्हिंगचं काहीतरी बघतो.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. काही घरांत कमी आणि तुटक झोप रक्तातूनच येते. तशा घरांत हृदयाची दुखणीही जास्त दिसतात. झोप नाही म्हणून हृदय थकतं, की दोन्ही एकाच मुळातून येतं, ते प्रत्येक घराबाबत छातीठोक सांगता येत नाही. कमी झोपणाऱ्या सगळ्यांना झटका येतो असंही नाही. कुणाच्या वाट्याला काय येईल ते आई-बाप ठरवत नाहीत. धाकट्यालाही तपासून घ्या, त्या म्हणाल्या, आणि मुलीला लवकर घेऊन या. तिची झोप आपण सुधारू शकतो, रक्तदाब वेळेत धरू शकतो. अजून वेळ आहे.

मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत तिची खुर्ची आहे, सकाळी सहाला ती तिथे हजर असते. तिच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला गजराचं घड्याळ दिलं होतं. मला लागत नाही, मी जागीच असते, असं ती म्हणाली आणि मी सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटले, आमच्यावर गेलीय. नवरा अंथरुणाला पाठ लागली की घोरायला लागतो. त्याचंही थोडं तिच्यात उतरलं असेल अशी आशा करावी, हे मला या वयात पहिल्यांदा सुचलं.

तिला तपासणीचं सांगितलं. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, “आई, प्रिलिम होऊ दे गं. झोपेचं नंतर बघता येईल.”

आवाज तिचा होता. बोलणं माझ्या वडिलांचं होतं, आणि ते तिच्यापर्यंत मीच पोचवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी धाकट्याकडे गेले. मामाकडे जेवायला जाऊ म्हणून मुलीलाही ओढून नेलं. सकाळची फेरी करून तो दुपारी घरी असतो, भावजय कामाला गेलेली असते. त्याने स्वतः अंड्याची आमटी केली होती. जेवता जेवता मी दोघांना सगळं सांगितलं, ऑफिसात परिपत्रक वाचते तसं. तो म्हणाला, त्याला काही झालेलं नाही, पण मी म्हणतेय तर रक्त देईल. कागदावर तो नव्हता हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त आमटी वाढली. मुलगी म्हणाली, परीक्षेनंतर.

हात धुऊन त्याने चटई टाकली. इतक्या वर्षांत त्याला जे विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. तुला एवढी झोप लागते कशी?

त्याने उशी डोक्याखाली ओढली. “तुमी सगळे जागे असायचा की, ताई. मग मला कशाची भीती? काय झालंच तर तुमी बघणार हायच.”

मग म्हणाला, साडेतीनला उठव, चारची फेरी हाय. आणि कूस बदलून झोपला. मिनिटभरही लागलं नाही.

मुलीची पाच वाजता सराव परीक्षा होती. तीही भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, फक्त पाठ टेकते म्हणाली, मलाही साडेतीनला सांग. मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसले. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “आई, जागी आहेस ना?”

“आहे,” मी म्हटलं. “तू झोप.”

थोड्या वेळाने तिची मूठ सैल झाली, श्वास लांब झाला. सव्वीस वर्षांत दुपारी झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

साडेतीनला मी धाकट्याच्या खांद्याला हळूच हात लावला आणि एकदा हाक मारली. त्याचे डोळे उघडायच्या आत त्याचा हात वर आला आणि पंजा तोंडावर आडवा धरला गेला. बावन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि माझ्या आवाजावर तो पाणी चुकवत होता.

“पाणी नाही रे,” मी म्हटलं. मला लाज वाटली. झटक्यानंतर मला काही वाटलं ते हे पहिलं.

त्याने हात खाली घेतला, मला बघून हसला, आणि माझ्या मागे झोपलेल्या भाचीकडे बघून कुजबुजला, “तिला नको उठवू.”

चपला हातात घेऊन तो बाहेर गेला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. पाच वाजून गेले तरी मी तिला उठवलं नाही.